आडवा गज

गेल्या चैत्रात माझ्या वडलांनी त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाला लोखंडी गजानं मारलं. पहिला घाव उजव्या खांद्यावर बसला, दुसरा कानामागं. तिसरा बसला असता तर काका राहिले नसते, पण तोवर माझ्या आईनं वडलांच्या पायांना मिठी मारली होती आणि ते तिच्यासकट ढेकळांत आडवे झाले. भांडण पाण्याच्या पाळीवरून होतं. आता पाण्यावरून डोकी फुटणं ही आमच्या भागात काही सांगायची गोष्ट नाही. पण हे डोकं कशामुळं फुटलं ते मला बऱ्याच महिन्यांनी कळलं, आणि कळलं त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर नाही.

आमच्या घरात माणसं तोंडानं कमी आणि हातानं जास्त बोलतात. बैल अडला की मार, पोरगं रडलं की मार, पोरगं रडायचं थांबलं नाही की परत मार. मी स्वतः जिंतूरला शाळेत विज्ञान शिकवते आणि वर्गात माझा आवाज चढला की बाहेरच्या लिंबावरचे कावळे उडतात, असं माझ्या सोबतच्या शिक्षिका म्हणतात. गुण कुठून आले ते सांगायला नको. गाव आमचं चारठाण्याच्या पुढं, फाट्यावर उतरून आत चालत जायचं. तिथं एक विहीर, तीन भाऊ, आणि तिघांच्या बायका-पोरांचं पोट त्या एका विहिरीवर.

विहीर पणज्याच्या वेळची, निजामाच्या राज्यातली. तेव्हा मोट होती, आणि मोटेच्या पाळीवरून तेव्हाही मुडदे पडायचे. पणज्याच्या एका चुलतभावानं दुसऱ्याला भर दिवसा विहिरीत लोटला आणि वरून धोंडे घातले, ही गोष्ट आम्हाला लहानपणी जेवताना सांगत, घास गिळावा म्हणून. त्यानंतर पणजा जिंतूरला गेला आणि तिथल्या मशिदीत नमाजाच्या वेळा काढणाऱ्या एका बुजुर्ग माणसाला बैलगाडीत बसवून घेऊन आला. त्यानं विहिरीच्या काठावर एक मोठी शिळा बसवून घेतली, तिच्यात गाडीचा जुना लोखंडी कणा शिसं ओतून रोवला आणि शिळेवर रेघा कोरल्या. सावली या रेघेवर आली की याची मोट सुटायची आणि त्याची जुंपायची. पणजा म्हणायचा, “घड्याळ मानसाचं असतंय, सावली कुनाच्या बापाची न्हाई.” त्यावर दोन पिढ्या मोट चालली आणि विहिरीत पुन्हा कुणाला लोटलं नाही.

हा जो कणा, त्याला आम्ही गज म्हणायचो, तो उभा नव्हता. एक टोक शिळेत आणि दुसरं उत्तरेकडं तोंड करून जेमतेम दीड वीत उचललेलं, म्हणजे जवळजवळ आडवाच. आम्ही पोरं त्याच्यावर घोडा घोडा खेळायचो. पुढं विजेची मोटर आली, वीज रात्रीच यायची, तेव्हा पाळी आजोबांच्या घड्याळावर गेली आणि गजाला कुणी विचारीना. त्याच्यावर धुणी वाळत, त्याला शेळ्या बांधत. घड्याळाच्या पाळीनं मात्र आमच्या घराला काही सुख दिलं नाही. तुझं घड्याळ पुढं, माझं मागं, यावरून एकदा थोरल्या काकांनी धाकट्या काकांच्या कपाळावर स्टार्टरच्या पेटीचं झाकण हाणलं होतं. ती खूण धाकट्यांच्या भुवईवर अजून आहे.

मग गेल्याच्या आदल्या दिवाळीनंतर विहिरीवर सोलरपंप बसला. सोलरपंप ऊन असेल तोवरच चालतो. ढग आला की पंपही बंद आणि सावलीही बंद. वडलांना त्यांच्या आज्याचा, म्हणजे माझ्या पणज्याचा, गज आठवला, आणि गंमत अशी की तिघेही भाऊ एका शब्दात कबूल झाले. सकाळची पाळी थोरल्यांची, दुपारी दोननंतरची धाकट्यांची, आणि दहा ते दोन आमची. आमचं रान चढावर आहे, भर उन्हाच्या ताकदीशिवाय पाणी तिथवर चढत नाही. त्या रानात वडलांनी मोसंबी लावली होती. चौथं वर्ष होतं आणि त्या हंगामात पहिल्यांदा आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या पाण्यावर पोसावा लागणारा बहार, धरायचा होता. वडलांचा सगळा जीव त्या झाडांत होता. आई म्हणायची, माझ्याशी बोलायला वेळ नाही, त्या झाडांच्या बुंध्याशी बसून बोलतात.

माझे वडील भारी नेटके. भिंतीवरची तसबीर कलली तर जेवता जेवता उठून सरळ करतील. त्यांना तो गज बघवेना. शेळ्यांनी ओढून ओढून पाडलाय, म्हणाले. थोरले काका म्हणाले होते की राहू दे जसा आहे तसा, आज्यानं ठेवलाय. पण वडलांनी ऐकलं नाही. त्यांनी शिसं फोडून गज उपटला, शिळेवरच्या झिजलेल्या रेघांवर सिमेंट फिरवलं, आणि ओळंबा लावून गज ताठ उभा केला, मुंगीनंही नाव ठेवू नये असा. मग हातात मोबाइल घेऊन बसले. दहाला सावली जिथं पडली तिथं एक रेघ, दोनला पडली तिथं दुसरी. तिन्ही भाऊ समोर होते. बेलभंडारा उचलून तिघांनी शपथ घेतली की पाणी या सावलीवर, यापुढं मोबाइल काढायचा नाही. उभा गज बघितल्यावर थोरल्या काकूंनी त्याला शेंदूर फासला, नारळ फुटला, त्याच आठवड्यात कोंबडंही कापलं. चार दिवसांत गजाचा म्हसोबा झाला. आता त्याला कोण हात लावणार?

हे सगळं मला आईनं, काकूंनी आणि वडलांनी आपापल्या परीनं सांगितलं आहे, आणि एवढ्यापुरतं तिघांचं सांगणं जुळतं.

पौषात सगळं गोडीगुलाबीनं चाललं. फाल्गुनात वडलांच्या लक्षात आलं की पाळी लवकर येईनाशी झाली आहे. शपथ होती तरी त्यांनी मोबाइल काढून बघितलाच. अकरा वाजून गेलेले आणि पंप अजून थोरल्यांच्या रानात. ते विहिरीवर गेले, तर सावली रेघेपासून दूर. बरं, इकडून उशीर होतोय म्हणावं तर तिकडून धाकट्यांची पाळी लवकर लागत होती. चैत्रात आमची चार तासांची पाळी जेमतेम तासाभरावर आली. मोसंबीची लिंबाएवढी फळं गळायला लागली. रोज सकाळी झाडाखाली हिरव्या गोट्यांचा सडा पडलेला असायचा आणि वडील तो गोळा करून थोरल्यांच्या दारात नेऊन ओतायचे.

त्यानंतर जे झालं ते सांगायला मला लाज वाटत नाही, चीड येते. आईनं आणि काकूंनी विहिरीवर एकमेकींच्या झिंज्या धरल्या, काकूंनी कळशी आईच्या तोंडावर मारली, आईचा ओठ फाटला. वडलांनी कुऱ्हाड घेऊन थोरल्यांच्या रानातला मोठा पाईप तोडला. थोरल्यांच्या मुलानं भर दुपारी येऊन आमची फळावर आलेली पाच-सहा झाडं बुडापासून छाटली, एकामागून एक, वडील दुरून पळत येईपर्यंत. वडलांनी धोंडा फेकला, तो त्याच्या तोंडावर बसला आणि पुढचे दात गेले. आपलं म्हणणं एकच, असं वडील गावभर सांगत फिरले: भावानं शिळा फिरवली. चार गडी लावून हलणार नाही अशी ती शिळा. पण चोर म्हणायचं ठरलं की पुरावा कोण मागतो.

त्या दिवशी मी घरी होते. मोबाइलमध्ये बारा वाजायला आले होते आणि वडील विहिरीच्या काठावर उभे होते. मोबाइल थोरल्यांच्या नाकासमोर धरून त्यांनी विचारलं, हे काय आहे? थोरले काका बसल्या जागेवरून उठले नाहीत. तंबाखू मळत होते. त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

“सावली बघ. ती खोटं बोलायली का?”

वडील गजाकडं वळले. मला वाटलं, सावली बघायला वळले. त्यांनी दोन्ही हातांनी गज धरला, अंगाची सगळी ताकद लावून हिसडला, आणि शेंदरानं माखलेला तो म्हसोबा सिमेंटच्या खपलीसकट हातात घेऊन ते भावाकडं फिरले. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. वाळलेलं लाकूड मोडताना येतो तसाच तो होता. काकांच्या सदऱ्यावर रक्त कुठलं आणि शेंदूर कुठला ते कळत नव्हतं. मी, जिच्या आवाजानं कावळे उडतात, तशीच उभी राहिले.

काका परभणीच्या दवाखान्यात महिनाभर होते. वाचले, पण उजवा हात गेला. तो आता त्यांच्या कुशीला नुसता लोंबतो. वडील आत गेले आणि ज्येष्ठात जामिनावर बाहेर आले. गज मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा झाला. आणि गज नाही म्हणून कुणाची पाळी कुणी मानेना. पंपाला पोलिसांसमोर कुलूप लागलं. विहिरीत पाणी होतं, वर ऊन होतं, आणि तिन्ही रानं जळाली. मोसंबीची उरलेली झाडं वडील सुटून येण्याआधीच वाळून काटक्या झाली होती.

वडलांना याचं दुःख होतं. भावाला मारल्याचं नव्हतं. “चोराला मारलं,” एवढंच म्हणायचे, आणि ते म्हणताना भाकरीचा तुकडा नीट मोडायचे, नीट खायचे. त्या एका शब्दावर त्यांचं जगणं चाललं होतं.

भाद्रपदात शाळेत विज्ञान प्रदर्शनाची तयारी सुरू झाली. सातवीच्या मुलींना सावलीचं घड्याळ करायचं होतं, म्हणून मी वाचायला बसले. वाचता वाचता दमास्कसच्या एका माणसापाशी आले. सहाशे-साडेसहाशे वर्षांपूर्वीचा हा खगोलशास्त्री तिथल्या मोठ्या मशिदीत वेळ काढायच्या कामावर होता. नमाजाची वेळ चुकू नये म्हणून सूर्य, चंद्र, तारे यांचा हिशेब करणं हीच त्याची नोकरी. प्रवासात नेता येईल अशी वेळ दाखवणारी एक छोटी पेटीही त्यानं केली होती. पण मी थांबले ते त्याच्या मशिदीच्या मिनारावर बसवलेल्या संगमरवरी सावली-घड्याळापाशी. जुन्या लोकांची घड्याळं उभ्या काठीची असायची, आणि उभ्या काठीची खोड अशी की सूर्य हिवाळ्यात दक्षिणेला कलतो, उन्हाळ्यात डोक्यावर येतो, आणि एकाच वेळेची सावली महिन्यागणिक वेगळ्या दिशेला पडते. या माणसानं काठी तिरपी केली. तिचं टोक ध्रुवाकडं लावलं, पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते त्याच्याशी समांतर. मग दहाची सावली बाराही महिने दहाच्याच रेघेवर पडते.

जितकं गाव उत्तरेला तितकी काठी जास्त उचलावी लागते. दमास्कसला बरीच. आमच्या परभणीकडं ध्रुव क्षितिजापासून फारसा वर नाही. म्हणून आमच्याकडं ती काठी जवळजवळ आडवी असते.

मी पुस्तक मिटलं आणि आमच्या दीड वीत उचललेल्या गजाचा कोन कागदावर काढून बघितला, तो जुळला.

तरी माझा विश्वास बसेना, बसावा असं वाटतही नव्हतं. शाळेच्या गच्चीवर मी दोन काठ्या लावल्या, एक ओळंब्यात उभी आणि एक ध्रुवाकडं कललेली, आणि दोन्हींखाली दहाची रेघ मारली. आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष असं बघत गेले. कललेलीची सावली रेघ सोडीना. उभीची सावली हळूहळू सरकत गेली आणि पौषात तर दहाच्या आधीच रेघेवर येऊन बसायला लागली. म्हणजे हिवाळ्यात उभा गज मधल्या पाळीला जास्त वेळ देतो आणि उन्हाळ्यात तिचा गळा घोटतो. शिळा कुणी फिरवली नव्हती. पाणी कुणी चोरलं नव्हतं. मशिदीतल्या त्या बुजुर्गाचा चांगला चाललेला गज माझ्या वडलांनी सरळ केला होता, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या झाडांच्या मुळावर. दमास्कसचं ते संगमरवरी घड्याळही म्हणे पुढं कैक शतकांनी कुणीतरी नीट करायला गेला आणि त्याच्या हातून फुटलं. नीट करणाऱ्यांचा मला तेव्हापासून राग येतो.

माघात मी गावी गेले, ती आधी थोरल्या काकांकडं. म्हटलं, ज्याला गावानं चोर ठरवलं त्याला आधी सांगावं. ते अंगणात बाजेवर बसले होते. काकूंनी मला पाणी दिलं नाही, पण हाकललंही नाही. मी जमिनीवर काडीनं आकृती काढून सगळं समजावलं. माझं झाल्यावर काकांनी काकूंना काहीतरी आणायला आत पाठवलं, आणि मग म्हणाले:

“चोरी न्हाई केली बाई म्या. पन दिसायलं व्हतं मला. रोज दिसायलं व्हतं, सावली हिकडं ऱ्हायलीय न् तिकडं त्याची मोसंबी वाळायलीय.”

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

“आपल्या रानात पानी चालू असताना बास झालं म्हननारा मानूस म्या तर अजून बघितला न्हाई. आन् पुसाच्या म्हैन्यात सावली तुमच्याकडं झुकली व्हती. तवा तुजा बाप बी गपच व्हता की.”

त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. सावली चुकली एवढं वडलांना सांग, म्हणाले. मला दिसत होतं हे सांगू नकोस, नाहीतर तो राहिलेला हात घ्यायला येईल. हसून म्हणाले ते. मला हसू आलं नाही. चारठाण्याच्या फाट्यापासून मी ज्यांच्या निर्दोषपणासाठी रडत आले होते ते माझ्यासमोर बसून हसत होते, आणि त्यांचा मेलेला हात बघून मला त्यांच्यावर धड रागही काढता येईना.

वडलांना मी सांगितलं. काकांनी सांगायला सांगितलं होतं तेवढंच सांगितलं. आमच्याच अंगणात पुन्हा तीच आकृती काढली. निम्म्यात वडलांनी माझ्या कानाखाली दिली. मी तिशी ओलांडलेली बाई, पगार कमावणारी, मास्तरीण. माझी मान फिरली आणि कानात शिट्टी वाजली. मी आकृती पुरी केली. त्यांनी ती बराच वेळ बघितली. मग खाली बसले आणि विचारलं, “उभा कुनी केला व्हता त्यो?” उत्तर त्यांना माहीत होतं. ते उठले, घण घेतला आणि विहिरीवर जाऊन पणज्याची ती शिळा फोडली. आई आडवी गेली तर तिलाही ढकललं. शिळेचे तुकडे झाले तरी मारत होते, शेवटी घणाचा दांडाच मोडला आणि त्यांच्या तळहातात सळ घुसली. त्या हातानं ते तसेच थोरल्यांच्या घरी गेले आणि उंबऱ्यावर कपाळ आपटत राहिले, काकूंनी ओढून बाजूला करेपर्यंत.

त्याला आता दोन महिने झाले. केस दोन्हीकडून मिटवायचं चाललं आहे. पंपाचं कुलूप निघालं आहे, पाळी मोबाइलवर आहे, आणि वडील आपल्या पाळीचं निम्मं पाणी थोरल्यांच्या रानात सोडतात. रोज दुपारी ते भावाकडं जातात. काकांना डाव्या हातानं भाकरी मोडता येत नाही, म्हणून वडील शेजारी बसून कालवणात भाकरी कुस्करतात आणि घास भरवतात. घास गरम नाही ना, हे आधी आपल्या ओठाला लावून बघतात. गावातले लोक हे बघून डोळे पुसतात, भाऊ असावा तर असा म्हणतात. वडलांचं अंग निम्म्यानं उतरलं आहे. ते आता चोर हा शब्द तोंडात आणत नाहीत, कुणाहीबद्दल.

सुट्टीला गेले की मीही तिथं पायरीवर बसते. काका तोंड उघडतात, घास घेतात आणि चावता चावता वडलांच्या खांद्यावरून माझ्याकडं बघतात, त्यांना दिसत होतं हे मी बोलले का ते बघायला. मी बोललेले नाही. वडलांना पौषातल्या जादा पाण्याचं विचारायचं माझ्या कितीदा ओठावर आलं, तेही विचारलेलं नाही. ते काय म्हणतील याची भीती वाटते. वडील घास भरवत राहतात, काका घास घेत राहतात, आणि माझा हात असा शिवशिवायला लागतो की मी तो मांडीखाली दाबून धरते. दोघांपैकी कुणाच्या कानाखाली वाजवायची हे मला अजून ठरवता आलेलं नाही.